चार घरांचा एक फ्राक

आमच्या घरात एकाच गोष्टीला कडक बंदी होती. कोणाच्या अंगावरून उतरलेलं कापड आत आणायचं नाही. खोटं बोललं तर आई एक धपाटा घालून सोडून द्यायची, शाळा बुडवली तर दोन. पण जुनेर घरात आणायची आम्हा भावंडांपैकी कोणाची छाती नव्हती. आईचं नाव सारजाबाई. तेलंगणातल्या मुधोळच्या बाजूला आमचं गाव, आणि गावाच्या बौद्धवाड्यात शिवणाचं मशीन तिच्या एकटीकडेच. कापूस वेचायला, निंदायला ती जायचीच, पण दुपार कलली की पायाशी फळी टाकून तिच्यावर ते हातमशीन मांडायची आणि उजव्या हातानं दांडा फिरवायला लागायची. सरळ शिवण असली की खडखड एका दमात चालायची, काखेचं वळण आलं की थांबत थांबत. मी अंगणात भांडी घासता घासता नुसत्या आवाजावरून सांगायची की आता गळा चाललाय, आता बाही. अंबाडीच्या भाजीला फोडणी पडायची ती त्या खडखडीतच, आणि ज्वारीची भाकर थापायला आई उठली की घर एकदम मुकं व्हायचं.

बंदीमागची गोष्ट आईनं मला एकदाच सांगितली, तीही वेणी घालताना, म्हणजे मला मागं वळून तिचं तोंड बघता येणार नाही अशा वेळी. ती आठ-नऊ वर्षांची असताना तिच्या आईला शेतमालकिणीनं एक जुनं लुगडं दिलं होतं. त्याचा शिवलेला परकर घालून माझी आई विहिरीवर गेली, तर मालकिणीची लेक सगळ्यांदेखत म्हणाली, हा माझ्या आईच्या लुगड्याचा आहे, ही फुलं आमची आहेत. बायका हसल्या. आई घरी आली, परकर काढला आणि चुलीत घातला, आणि त्यासाठी तिनं मारही खाल्ला. पुढं धम्म घेतल्यावर सगळ्या वाड्यानं मिळून ठरवलं की दिलेली जुनेरं घ्यायची नाहीत. आईनं ते एकटीनं कितीतरी आधीच ठरवून टाकलं होतं. हे सांगताना तिनं माझी वेणी इतकी आवळली की दोन दिवस माझे डोळे ताणलेले राहिले.

त्या वर्षी वाड्यात पत्र्याचा विहार उभा राहिला होता. वैशाखी पौर्णिमेची मिरवणूक त्याआधी वाड्यातल्या वाड्यात फिरायची. या खेपेला ती पहिल्यांदा बाहेर पडणार होती, पेठेतून, तहसील कचेरीवरून, पटवाऱ्यांच्या दारावरून, आख्ख्या गावाला वळसा घालून. नुसत्या त्या विचारानं आम्हा पोरींना रात्रंदिवस गुदगुल्या होत होत्या. वंदना सांगणारे गोविंदकाका शाळेत मास्तर होते. विहारात बसलेल्या बायांना ते म्हणाले, "मोठ्यायनं पांढरं घालावंच, पण लेकरायनंही घालावं. चाळीस लेकरं पांढऱ्यात निंगाली तर गाव पाहत राहीन." बोलायला काय जातं? चाळीस लेकरांना पांढरं कापड आणायचं कुठून, हे विचारायची वेळ आली तेव्हा सगळ्या बाया पदराच्या टोकाशी चाळा करत बसल्या. कापसाच्या मुलखात राहायचं, आयुष्यभर दुसऱ्याचा कापूस वेचायचा, आणि लेकराच्या अंगाला पांढरं नाही, अशी ती गंमत होती.

आई मागच्या रांगेत होती. ती म्हणाली, "पेट्या उघडा."

"कोणाच्या?" एकीनं विचारलं.

"आपल्याच. पांढरं हाय ते काढा. फाटकं असो, पिवळं असो. पण माह्या घरी यायच्या आंदी सारं उसवून आणा. कोणाचा सदरा, कोणाचं धोतर, मले समजलं नाई पायजे. एकदा उसवलं का कापडाले धनी राह्यत नाई."

आज बासरच्या विद्यापीठात शिकणारी माझी नात सांगते की तिच्या वसतिगृहात मुली जुने कपडे गोळा करतात, अदलाबदल करतात, आणि कपडा वाया न घालवण्याची ही अगदी नवी कल्पना आहे. असेल बाई. निर्मलच्या बाजारात परवा मीसुद्धा एक मोठी पेटी पाहिली, 'जुने कपडे इथे टाका' अशी. चांगलीच गोष्ट आहे, टाका. मी झाकण उचलून आत डोकावले तर वर एक बटणं नसलेला सदरा आणि चेन तुटलेली पँट. देणाऱ्यानं बटणं तेवढी काढून घेतली होती. शिक्षिकेची सवय जात नाही, मी तिथंच उभी राहून दोन माणसांना सुनावलं की द्यायचं तर आपल्या लेकीच्या अंगावर चालेल असं द्यावं. ते मला वेडी समजून निघून गेले. असो.

पेट्या उघडल्या आणि आमच्या ओट्यावर जत्रा भरली. कोणी सासऱ्याचा लग्नातला फेटा आणला, कोणी उशांचे अभ्रे, कोणी साखरेचं पोतं. माझे वडील कचेरीत अटेंडर होते, त्यांचा उन्हाळी पांढरा कोट आईनं त्यांना न विचारताच खुंटीवरून उतरवला. ते जेवायला आले तेव्हा कोटाच्या दोन बाह्या दोन पोरींच्या मांडीवर होत्या. "अवं, मी उद्या दफ्तरात काय घालून जाऊ?" ते म्हणाले. आई म्हणाली, "सदरा हाय ना. साहेब तुमच्याकडं पाह्यतो का मिसलीच्या कागदायकडं?" बिचारे ताट ओढून जेवायला बसले. आम्ही पोरी दाढीची जुनी पाती बोटांत धरून टाके कापत बसायचो, निघालेले दोरे गुंडाळून ठेवायचो, कारण आई तेही वापरणार होती. कॉलर वेगळी, पाठ वेगळी, खिसे वेगळे. ज्या बाईनं आदल्या दिवशी फेट्यावर हात ठेवून डोळे पुसले होते, तिला दुसऱ्या दिवशी त्या ढिगातून आपला फेटा ओळखता येईना, आणि ती हसायला लागली. उसवायला बसलेल्या बाया इतक्या हसतात हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. हातात काम, मांडीवर कोणाचंही कापड, आणि तोंडात भाजलेले चिंचोके.

तरीही कापड कमी पडलं. आईनं ढीग हातानं चाचपला आणि म्हणाली, बारीक लेकरांचं होईल, मोठ्या पोरींचं होणार नाही. मोठ्या पोरींत मी होते. आणि तिथूनच माझी चूक सुरू झाली.

पटवाऱ्यांची नलू माझ्या वर्गात होती. शाळेला सुट्टी असली तरी आम्ही तळ्याच्या काठी चिंचेखाली भेटायचो. मी तिला मिरवणुकीचं सगळं रंगवून सांगितलं होतं, आता कापड संपल्याचं सांगितलं. नलू उत्साहाची पोरगी. दुसऱ्या दिवशी ती कागदात बांधलेली दोन धोतरं घेऊन आली. तिच्या वडिलांची, गिरणीची, इतकी तलम की बोट खालून दिसत होतं. "आईला विचारून आणलीत," ती म्हणाली. "आई म्हणाली, दे, जुनीच आहेत, बिचाऱ्यांना होतील."

ते 'बिचाऱ्यांना' मी ऐकलं. खोटं कशाला सांगू, स्वच्छ ऐकलं. पण माझ्या डोळ्यांपुढं फ्राक होता, घेरदार, पेठेतून चाललेला. मी स्वतःला समजावलं की आईच म्हणाली आहे ना, उसवलं की धनी राहत नाही. धोतराला उसवायला शिवण नसते, म्हणून मी चिंचेखाली बसून दोन्हींचे हिरवे काठ फाडून काढले, धोतरांचे हात-हातभर तुकडे केले आणि संध्याकाळी ढिगात सारून दिले. आईला सांगितलं, पलीकडच्या आळीतून आले. ते काठ मात्र रेशमी होते. फेकवेनात. तेवढे मी परकराच्या नेफ्यात लपवले.

मग धुणं निघालं. ढिगात पांढऱ्याच्या पन्नास तऱ्हा होत्या. पोतं भुरकट, फेटा पिवळा, अभ्रे राखाडी, धोतरं दुधासारखी. आईनं मोठ्या हंड्यात सोडा घालून सगळं उकळलं आणि मला व शेजारच्या कमळीला सांगितलं, नीळ घाला, म्हणजे सगळं एकसारखं उजळेल. आणि ती कापसाच्या शेतात वाळक्या पळाट्या उपटायला गेली. आम्ही चिमूटभर नीळ घातली. कमळी म्हणाली, "अजून घालू का? नीळ म्हंजे आपलाच रंग हाय." मी म्हटलं, घाल. पौर्णिमेला आपल्याच रंगाची काटकसर करायची? आम्ही पुडी झटकली. दुकानातून आणखी एक आणली. मग एकेक पोरगी येऊन आपल्या हातानं भक्तिभावानं चिमूट टाकून गेली, वंदनेला फूल वाहावं तसं. संध्याकाळी आई आली तेव्हा आख्ख्या कुंपणावर निळं आभाळ वाळत पडलं होतं.

आई खाली बसली. गोविंदकाकांना बोलावणं गेलं. ते चष्मा वर-खाली करत कुंपणाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेले. "म्या पांढरं म्हणलं व्हतं," ते म्हणाले. कमळी रडायच्या बेतात होती. काका पुन्हा एकदा चालत परत आले. "पण पोतं कोणतं आन् फेटा कोणता, आता तं मलेही वळखू येईना. राहू द्या. मोठे पांढऱ्यात, लेकरं निळ्यात. कोणी विचारलं तं मी सांगतो, असंच ठरलं व्हतं." मास्तरांनी आयुष्यात केलेली ही एकमेव लबाडी असावी.

मग दहा दिवस मशीनचा दांडा थांबला नाही. एका फ्राकाला पाठ या घरची, पोट त्या घरचं, घेर तिसऱ्या घरचा आणि बाह्या चौथ्या. आईच्या मनगटाला सूज आली तर वडील दांडा फिरवायला बसले आणि आईनं दोन्ही हातांनी कापड सारलं. घरात खडखड, ओट्यावर काज-बटणं करणाऱ्या बाया, आणि दारात माप द्यायला उभी राहिलेली, हात पसरून गरगर फिरणारी पोरं. इतकं सुख माझ्या अंगात मावत नव्हतं. त्या भरातच, चाळीसही कपडे तयार झाले त्या दुपारी, मी नेफ्यातले हिरवे काठ काढले आणि दोन वेण्यांना त्यांची फुलं बांधली.

आई पाणी पीत होती. तिनं तांब्या खाली ठेवला. "हा काठ कोणाचा व्हय?"

मी दोन्ही हातांनी वेण्या झाकल्या.

"लहानपणी म्या पटवाऱ्याच्या अंगणात सडा टाकला हाय. त्यायच्या वाळवणावर असेच काठ राह्यत. काऊन आणलं? कुठं हाय बाकीचं?"

मी रडत सगळं सांगितलं. 'बिचाऱ्यांना' सुद्धा सांगितलं, ते लपवायची हिंमत झाली नाही. आई मारेल असं वाटत होतं. तिनं मारलं नाही. ती गाठोड्याजवळ जाऊन एकेक फ्राक उलटा करून उन्हाला धरत राहिली, धोतराचे तुकडे शोधत. सापडणार कसे? सगळं निळं, सगळं मिसळलेलं. चाळीस लेकरांपैकी कोणाच्या अंगावर ते जाणार होतं आणि कोणाच्या नाही, हे आता तिलाही सांगता येत नव्हतं. परत करायची सोय राहिली नव्हती.

वडील म्हणाले, "जाऊ दे न. कोणाले काय कळते?"

"मले कळते," आई म्हणाली. "मिरवणूक त्यायच्या दारावरून जाईन. ते बाई दारात उभी राहून मनातल्या मनात म्हणन, ते पाह्य, आमचं जुनेर चाललं. चाळीस लेकरं, आन् तिच्यापुढून."

रात्री तिनं उरल्यासुरल्या निळ्या तुकड्यांचा, अंदाजानं, आणखी एक फ्राक शिवला. दुसऱ्या दिवशी तिनं तो घडी करून पदराखाली घेतला, मला पुढं घातलं आणि पटवाऱ्यांच्या घरी निघाली. नलूची आई तुळशीपाशी होती. आई ओट्याच्या पायरीपाशी थांबली आणि सगळं सांगितलं, काही न गाळता. नलूची आई हसून म्हणाली, "अगं सारजा, त्यात काय एवढं? जुनीच होती ती. दिली म्हणजे दिली."

"ते ठाऊक हाय बाई, म्हणूनच आली," आई म्हणाली. "आमी दिलेलं घेत नाई. पण तुमच्या घरचं कापड आता आमच्या लेकरायच्या अंगावर हाय, ते काढता येत नाई. मंग आमच्या घरायचं तुमच्या लेकीच्या अंगावर जाऊ द्या. हा फ्राक नलूचा. यात आमच्या चार घरायचं कापड हाय. परवा पौर्णिमा. सकाळी नलूले हा घालून एक खेप आमच्याकडं पाठवा. नाई आली तं मी समजन, आन् चाळीसही उसवीन."

आतून नलूच्या आजीचा आवाज आला, "कोण आलंय गं?" नलूच्या आईनं एकदा आत वळून पाहिलं. तिनं फ्राक हातात घ्यावा की न घ्यावा, हे तिला कळत नव्हतं. मला ते तिच्या बोटांवरून दिसत होतं. शेवटी घेतला. शिवणीवरून अंगठा फिरवत तिनं विचारलं, "यातलं आमचं कोणतं?"

"मलेही सांगता येत नाई," आई म्हणाली.

"बघते," ती म्हणाली. एवढंच.

घरी येऊन मी आईला विचारलं, खरंच उसवशील? ती म्हणाली, "हो." मी विचारलं, मग मिरवणूक? "लेकरं हायेत त्या कपड्यात जातीन. मळके असतीन, पण आपले असतीन." मी आईला ओळखत होते. ती उसवणार होती. दहा दिवसांची वाड्याची मेहनत, सुजलेलं मनगट, फेटा, वडिलांचा कोट, सगळं एका पात्यावर येऊन टेकलं होतं आणि तो माझाच पराक्रम होता.

पौर्णिमेच्या सकाळी विहारापुढं खिरीची कढई चढली. वेलदोड्याचा वास सगळ्या वाड्यात सुटला होता आणि आंघोळ केलेली, तेल चोपडलेली चाळीस पोरं बनियन-चड्डीवर आमच्या ओट्यासमोर गर्दी करून उभी होती. आई गाठोड्यावर हात ठेवून बसली होती. "सारजे, वाट ना," बाया म्हणत होत्या. आई म्हणत होती, थोडं थांबा. मी रस्त्याकडं बघत होते. ऊन पहिल्या पायरीवर आलं, दुसऱ्या पायरीवर आलं.

चिंचेच्या वळणावरून नलू आली. एकटी, पळत, निळ्या फ्राकात. ती ओट्यावर चढली, धापा टाकत आईपुढं उभी राहिली आणि तोंड फुगवून म्हणाली, "मावशी, हे काखेत दाटतंय. हात वरच होत नाही. आणि बाही पण आखूड झालीय. आई म्हणाली, मिरवणुकीच्या आधी नीट करून घे."

मी घाबरले. वाटलं, आता आई भडकणार. आई तिच्याकडं बघत राहिली. आणि मग तिचा चेहरा असा उजळला की तसा मी त्याआधी पाहिला नव्हता. तेव्हा मला त्याचं कारण कळलं नाही. स्वतःच्या लेकींचे कपडे शिवू लागले तेव्हा कळलं. दिलेल्या कापडाला दाटतं म्हणायची सोय नसते. भीक म्हणून आलेलं मापात बसो न बसो, माणूस मुकाट घालतो. नाक मुरडून, बाही आखूड झाली म्हणून तक्रार करत माणूस येतो ते फक्त आपल्या हक्काच्या कपड्यासाठी.

आईनं गाठोडं पायानं माझ्याकडं सारलं. "वाट," ती म्हणाली. मी गाठ सोडली आणि पोरांचा गलका उठला, कमळीनं तर गाठोड्यात उडीच घेतली. त्या सगळ्या गोंधळात आई नलूला उजेडाकडं वळवून, सुई ओठांत धरून तिच्या काखेची शिवण मोकळी करत होती.

"हात वर कर माय," ती म्हणाली. "माप माहंच चुकलं."